स्टार्टर घातलेला पास्ता सकाळी का फाटतो?

स्टार्टर म्हणजे पीठ आणि पाणी आंबवून केलेलं, यीस्ट आणि जिवाणूंनी भरलेलं विरजण. ते घालून रात्री मळून ठेवलेला पास्त्याचा गोळा अगदी हवा तसा असतो. घट्ट, गुळगुळीत, बोट दाबलं तर खळगा सावकाश भरून येणारा. सकाळी फ्रीजमधून काढून झाकण उघडावं, तर तोच गोळा भांड्याच्या तळाशी बसलेला, वरून ओलसर चकाकी आलेली. सुरीने कापला तर आत बारीक जाळी. पास्ता लाटायच्या मशीनमधून (आकडा मोठा, तितकी पट्टी पातळ) पहिल्या दोन आकड्यांवर जातो कसाबसा. तिसऱ्यावर कडा विरायला लागतात, पाचव्यावर पट्टीला मधोमध भोक. पिठी भुरभुरून घडी घालून पुन्हा फिरवली तर पट्टी कोरडी दिसते खरी, पण उचलली की भिजलेल्या कागदासारखी हातात तुटून येते.

माझ्याकडे हे ओळीने चार वेळा झालं. पहिल्यांदा अंडी मोठी होती असं मी ठरवलं. दुसऱ्यांदा पिठावर खापर फोडलं. तिसऱ्यांदा आपणच नीट तिंबलं नाही असं वाटलं, म्हणून चौथ्यांदा पंधरा मिनिटं घाम गाळून तिंबलं. चारही वेळा उपाय मात्र एकच केला, आणखी पीठ घातलं. पाचव्या वेळी मळण्याआधी कागद-पेन घेऊन बसले, तेव्हा कुठे पहिली चूक सापडली. तिच्यात गुंतलेली दुसरी त्यानंतर कळली.

पहिली चूक हिशेबाची

साध्या अंड्याच्या पास्त्याचं प्रमाण सरळ आहे. 100 ग्रॅम पिठाला एक अंडं. कवच सोडून अंडं साधारण 50 ग्रॅम भरतं, म्हणजे पिठाच्या निम्मा ओलावा. मी 300 ग्रॅम पीठ, तीन अंडी आणि ‘चवीपुरता’ म्हणून 100 ग्रॅम स्टार्टर घेत होते. समान वजनाचं पीठ आणि पाणी घालून वाढवलेल्या स्टार्टरमध्ये निम्मं पीठ, निम्मं पाणी असतं. तेव्हा माझ्या भांड्यात खरं पाहता 350 ग्रॅम पीठ आणि 200 ग्रॅम ओलावा होता. प्रमाण 50 टक्क्यांवरून 57 वर गेलं. आकडा लहान वाटतो, पण पास्त्याच्या पिठात तेवढ्याने घट्ट गोळ्याचा चिकचिकीत लगदा होतो.

स्टार्टर वरून घालायचा नाही, पाककृतीतलं तेवढंच पीठ आणि तेवढाच ओलावा काढून त्या जागी घालायचा. 300 ग्रॅम पिठाचा पास्ता हवा असेल तर मी आता 270 ग्रॅम पीठ, 60 ग्रॅम स्टार्टर, दोन अंडी आणि वर एक पिवळं बलक घेते. स्टार्टरमधलं 30 ग्रॅम पीठ धरून पीठ 300 होतं. 30 ग्रॅम पाणी, दोन अंड्यांचे 100 ग्रॅम आणि बलकाचे 18-एक ग्रॅम मिळून ओलावा 148 च्या आसपास येतो. अंडं नको असेल तर ड्यूरम नावाच्या कडक गव्हाचा बारीक रवा 270 ग्रॅम, स्टार्टर 60 आणि पाणी 120 ग्रॅम घ्यावं. तुमचा स्टार्टर घट्ट असेल, म्हणजे पाणी पिठापेक्षा कमी घालून वाढवलेला असेल, तर आकडे त्याप्रमाणे बदला. वजनकाटा नसेल तर हा उद्योग काटा येईपर्यंत लांबणीवर टाकलेला बरा. फसफसलेला एक चमचा स्टार्टर आणि बसलेला एक चमचा स्टार्टर यांच्या वजनात बराच फरक पडतो, त्यामुळे वाटी-चमच्याचा इथे उपयोग नाही.

एवढा हिशेब केल्यावर मळताना होणारा चिकटपणा संपला. मला वाटलं, सुटले. पण सकाळी गोळा पुन्हा सैल.

दोन गोळे

मग मी एक साधा प्रयोग केला. तुमचंही पीठ वारंवार सैल पडत असेल तर हा एकदा जरूर करा, बाकी सगळा अंदाजपंचे कारभार थांबतो. अंडं मुद्दाम वगळलं, कारण गोळे थोडा वेळ बाहेर ठेवायचे होते.

पहिला गोळा: 100 ग्रॅम पीठ, 50 ग्रॅम पाणी. दुसरा: 80 ग्रॅम पीठ, 40 ग्रॅम स्टार्टर, 30 ग्रॅम पाणी. बेरीज करून पाहा, दोन्हींत पीठ 100 आणि पाणी 50. दोन्ही सारखाच वेळ तिंबले, एकसारख्या डब्यांत ठेवले, दोन-अडीच तास ओट्यावर आणि मग रात्रभर फ्रीजमध्ये.

सकाळी पहिला गोळा जसाच्या तसा. उलट जास्त गुळगुळीत झालेला. मशीनच्या सहाव्या आकड्यापर्यंत न कुरकुरता गेला, पट्टीतून हाताची बोटं दिसत होती. दुसरा डब्याचा आकार घेऊन बसला होता. बोटांनी चिमूट धरून वर ओढली, तर पहिल्याची ताणली जाऊन परत आखडली, दुसऱ्याची लांब होत होत मधूनच सुटली. चौथ्या आकड्यावर पट्टीची लक्तरं.

त्याच दिवशी दुसऱ्या गोळ्याचंच माप घेऊन तिसरा गोळा मळला आणि चाळीस मिनिटांत लाटला. तो सहाव्या आकड्यापर्यंत गेला! पीठ तेच, पाणी तेवढंच, स्टार्टर तोच, फक्त रात्र मध्ये नव्हती. रात्रभर ठेवणं हीच दुसरी चूक.

रात्रीतून नेमकं काय होतं

पिकलेला स्टार्टर चांगलाच आंबट असतो, त्याचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) 3.5 ते 4 च्या घरात जातो. साधं पीठ-पाण्याचं मिश्रण 6 च्या आसपास असतं. स्टार्टर मिसळला की त्यातले लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू नव्या पिठावर कामाला लागतात आणि सगळा गोळा हळूहळू आंबत जातो. गव्हाच्या पिठात प्रथिनं कापणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, मुळातच असतात. साध्या पिठात ती जवळपास स्वस्थ बसलेली असतात, आंबट वातावरण मिळालं की हात चालवायला लागतात. कापलं जातं ते ग्लुटेन, म्हणजे तिंबून तिंबून आपण जे जाळं विणलेलं असतं तेच. काही जिवाणू वरून आणखी एक उद्योग करतात. ग्लुटेनचे धागे एकमेकांना धरून ठेवणारे गंधकाचे दुवे त्यांच्यामुळे सुटतात. जाळं मोकळं झालं की त्याने धरून ठेवलेलं पाणीही सुटतं, म्हणून गोळ्याला ती ओलसर चकाकी येते आणि आपल्याला वाटतं पाणी जास्त झालं.

पीठ घालून हे सुधारत नाही ते यामुळेच. ओल शोषली जाते, तुटलेले धागे जोडले जात नाहीत. वरून घातलेलं कोरडं पीठ नीट भिजायलाही वेळ मिळत नाही, म्हणून पट्टी दिसायला कोरडी आणि धरायला कच्ची. पंधरा मिनिटं तिंबण्याचाही पुढे होणाऱ्या कापाकापीवर काही परिणाम होत नाही.

ब्रेडमध्ये हेच चालून जातं, कारण ब्रेडच्या गोळ्याला आपलं अंग जाडच्या जाड ठेवायचं असतं आणि शेवटी ओव्हनमध्ये तो आहे तसा पक्का होतो. (फार आंबवलेला ब्रेडही बसतोच, ते वेगळं.) पास्त्याची पट्टी एक-दीड मिलिमीटरची. तिला स्वतःचं वजन पेलत लोंबकळायचं असतं, वर उकळत्या पाण्यात घुसळण सोसायची असते. ग्लुटेन जरा कमी पडलं की पहिली हाक तिथूनच येते.

तेव्हा स्टार्टरचा पास्ता रात्रभर मुरवू नये, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. मळा, अर्धा ते एक तास झाकून ठेवा, लाटा, कापा. ‘जितकं जास्त आंबेल तितकं चविष्ट आणि पचायला हलकं’ या मोहाने मी चार वेळा गोळा बिघडवला. ओघाने एक गोष्ट सांगून टाकते. आंबवल्याने ग्लुटेन थोडं कापलं जातं म्हणून हा पास्ता ग्लुटेनमुक्त होत नाही. सिलिअॅकचा (ग्लुटेन न चालण्याच्या आजाराचा) त्रास असलेल्याला हा वाढायचा नाही, मग तो कितीही आंबवलेला असो.

चव मुरवूनच हवी असा हट्ट असेल तर ते बिनअंड्याच्या रव्याच्या पिठातच करा. स्टार्टर 60 वरून 20-30 ग्रॅमवर आणा, त्या मानाने रवा-पाणी वाढवा, मीठ घाला आणि मळल्या मळल्या गोळा दाबून दोन सेंटिमीटर जाडीची चकती करून फ्रीजमध्ये टाका. गोल गोळा आतून गार व्हायला फार वेळ घेतो आणि तेवढ्या वेळात मधला भाग खुशाल आंबत राहतो, चकती पटकन गार होते. पास्त्याच्या पिठात मीठ न घालणारे बरेच आहेत, साध्या पिठात मीही घालत नाही. स्टार्टर असेल तेव्हा मात्र 300 ग्रॅम पिठाला 4-5 ग्रॅम घालतेच. मिठाने ग्लुटेन आवळतं आणि यीस्ट-जिवाणूंचा वेगही थोडा मंदावतो.

अंड्याचं पीठ ओट्यावर तासन्‌तास आंबत ठेवणं ही माझी सुरुवातीची आणखी एक घोडचूक. कच्च्या अंड्यात साल्मोनेला या विषबाधा करणाऱ्या जिवाणूची शक्यता असते. एकूण दोन तासांपेक्षा जास्त वेळ ते बाहेर ठेवू नये, स्वयंपाकघर तापलेलं असेल तर त्याहूनही कमी.

कोणता स्टार्टर घ्यायचा

इथे खरी कोंडी आहे. नुकताच वाढवलेला, टरारून वर आलेला स्टार्टर घेतला तर आंबटपणा कमी असतो, पण यीस्ट पूर्ण जोमात असतं आणि पिठात फुगे येतात. फ्रीजमध्ये आठवडाभर पडलेला, वर करडं पाणी सुटलेला स्टार्टर घेतला तर यीस्ट मरगळलेलं असतं, फुगे कमी, पण आम्ल इतकं साठलेलं की पीठ लवकर सैल पडतं. म्हणजे इकडे आड तिकडे विहीर.

मी मधला मार्ग धरला आहे. वर येऊन बसलेला आणि मग फ्रीजमध्ये एक-दोन दिवस राहिलेला स्टार्टर थेट गारच वापरते. यीस्ट गारठलेलं असल्यामुळे लाटेपर्यंतच्या तासाभरात ते फारसं काही करू शकत नाही, आणि आंबटपणा बेताचा असतो. पाण्यात थेंब टाकून तरंगतो का ते पाहण्याची चाचणी इथे पूर्ण निरुपयोगी आहे. ती स्टार्टरमध्ये वायू किती आहे ते सांगते आणि आपल्याला वायू नकोच आहे. फार जुन्या स्टार्टरवरचं करडं पाणी ओतून टाकून तो वापरायचाच असेल तर 30 ग्रॅमवर थांबावं. गुलाबी किंवा नारिंगी झाक, केसाळ बुरशी, कुजका वास, यातलं काही दिसलं तर सगळा फेकून द्यायचा, वरचा थर काढून उरलेला वापरायचा नाही.

पट्टीत फुगे

दुसरी वारंवार येणारी तक्रार हीच. पट्टी गुळगुळीत लाटली जाते, ओट्यावर पसरून ठेवली की दहा-पंधरा मिनिटांत तिच्या अंगावर बारीक पुटकुळ्या येतात. त्या तशाच कापल्या तर फुग्याच्या जागी पट्टी अर्ध्या जाडीची असते आणि पाण्यात नेमकी तिथेच तुटते.

मळल्यानंतरच्या विश्रांतीत थोडा वायू साठतोच. तो काढायचं काम मशीनचं पहिलं, सगळ्यांत रुंद अंतर करतं. लाटी हाताने चपटी करून त्यातून काढा, पत्र दुमडावं तशी तिची तीन पदरी घडी घाला, उघडी बाजू आधी आत सरकवून पुन्हा काढा. बंद बाजू आधी घातली तर हवा पदरांत अडकते आणि लांबलचक फुगा तयार होतो. साध्या पास्त्याला असं दोन-तीनदा केलं तरी भागतं, स्टार्टरच्या पास्त्याला मी पाच-सहा वेळा करते. मग कुठे पट्टी पुसलेल्या पाटीसारखी सपाट दिसायला लागते. लाटण्याने लाटत असाल तर मधून बाहेर जोर देत लाटा, आणि दिसलेला फुगा सुईने टोचून बोटाने चेपा.

त्यानंतर पट्ट्या पसरून गप्पा मारत बसू नये. सगळं पीठ एकदम लाटून मग सगळं कापायचं ही सवय इथे नडते. एक लाटी बाहेर, बाकीच्या फ्रीजमध्ये झाकून, लाटलेली लगेच कापायची, हा क्रम ठेवा. सारण भरायच्या पास्त्यासाठी मी स्टार्टर वापरणं सोडूनच दिलं. कडा कितीही दाबून बंद केल्या तरी आतला वायू आणि सारणाची ओल मिळून शिवण उसवतात, आणि पाण्यात सारण सुटलेलं पाहणं फार जिवावर येतं.

पट्टी चांगली, पण पाण्यात तुकडे

पट्टी धड निघाली, नीट कापली गेली आणि तरी शिजताना मोडली, तर आधी पातेलं तपासा. 100 ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी हवं, त्यात साधारण 10 ग्रॅम मीठ. कमी पाण्यात पास्ता पडला की तापमान घसरतं, पट्ट्या एकमेकींना चिकटतात, आपण सोडवायला चमचा फिरवतो आणि मोडतोड आपल्याच हातून होते. पाणी पूर्ण उकळल्यावर पास्ता सोडायचा, पुन्हा उकळी आली की आच जरा उतरवायची. खळाखळा उकळत ठेवायची गरज नाही. कापल्यावर रव्याची पिठी लावून थोडा वेळ सुकू दिलं तर पृष्ठभाग जरा घट्ट होतो. त्याहून जास्त थांबलं की पुन्हा फुग्यांशी गाठ.

वेळेचंही भान ठेवा. ताजा पास्ता दोन-तीन मिनिटांत होतो. स्टार्टरचा त्याच्याही आधी मऊ पडतो, कारण ग्लुटेन थोडं सैलावलेलं असल्याने स्टार्च लवकर फुगून पाण्यात उतरतो. पाणी नेहमीपेक्षा गढूळ दिसतं ते त्याचंच. मी दीड मिनिटाने एक पट्टी काढून चावून बघते. सॉसमध्ये अजून अर्धा मिनिट घोळायचा असेल तर मधली कच्ची पांढरी रेघ दिसेनाशी व्हायच्या आतच काढते. पट्टीही नेहमीपेक्षा एक आकडा जाड ठेवते. सातवर जायची हौस असली तरी सहावर थांबायचं.

फ्रीजमध्ये ठेवलेल्या पिठावर करडे ठिपके आले तर घाबरू नका. पिठातल्या कोंड्याच्या अंशातली विकरं हवेशी आली की रंग काळवंडतो. पिठाला चिकटून घट्ट गुंडाळलं की कमी होतो, आणि मी सांगते तसं त्याच दिवशी लाटलं तर प्रश्नच येत नाही.

उरलेला पास्ता ओट्यावर सावकाश वाळवत ठेवू नका, दमट हवेत तर नाहीच. वाळेपर्यंत तो आंबत राहतो आणि मग ठिसूळ होऊन हात लावला की चुरा. त्यापेक्षा पिठी लावून सैलसर घरटी करा, ताटात एकमेकांना न लागू देता फ्रीजरमध्ये कडक होऊ द्या, मग डब्यात भरा. शिजवताना वितळू न देता थेट उकळत्या पाण्यात सोडायची, मिनिटभर जास्त लागतो. घरटं पहिली अर्धी मिनिट काट्याने हलवू नका, आपसूक सुटतं.

आणि एवढं करूनही गोळा सैल पडलाच तर? पीठ ओतत बसू नका. एक भाग सैल गोळा आणि तीन भाग नवं, स्टार्टर न घातलेलं घट्ट पीठ एकत्र तिंबून अर्ध्या तासात लाटा, छान निघतं. चवही राहते. तेवढा उत्साह नसेल तर जाडसर लाटून वेडेवाकडे तुकडे कापा. इटलीत पट्टीच्या उरल्यासुरल्या कडांच्या अशा तुकड्यांना ‘माल्तालियाती’ म्हणतात, अर्थच ‘वाईट कापलेले’. सूपमध्ये टाकले की त्यांना लोंबकळावं लागत नाही, ताण सोसावा लागत नाही. माझे पहिले चारही गोळे शेवटी सूपमध्येच गेले.